स्पार बदलला आणि ग्लेझ फुटली: खानापूर तालुक्यातल्या एका भट्टीचं प्रकरण

नावं, गाव आणि व्यवहाराचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले किंवा गाळले आहेत. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करतो. वाळू, अग्निविटा आणि भट्टीचं तापमान ही माझी रोजची कामं, म्हणून भट्टीवाल्या घरातल्या धाकट्या मुलाच्या एका मित्रामार्फत मला बोलावणं आलं. ग्लेझ म्हणजे भांड्यावर भाजून बसवलेला काचेचा थर, आणि स्पार म्हणजे तिच्यात पडणारी फेल्स्पार नावाच्या खनिजाची पूड.

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात माती आणि भट्टीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. मलप्रभेच्या खोऱ्यातली लाल माती, तिच्या विटा, कौलं आणि मडकी बेळगाव-धारवाडपर्यंत जातात. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही खानापुरातच आहे. या प्रकरणातलं घर मूळचं कौलांचं. स्लॅबची घरं आली तशी कौलं सुटली, आणि संस्थेत शिकून आलेल्या धाकट्या मुलाने स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या भांड्यांचा हट्ट धरला. कर्ज काढून गॅसची शटल भट्टी (माल गाडीवर ठेवून आत-बाहेर सरकवायची) आणली. धाकटा चाकावर बसतो, थोरला भट्टी आणि हिशेब बघतो, ग्लेझ कालवणं-बुडवणं वहिनींकडे असतं. आप्पा सगळ्यांवर लक्ष ठेवतात आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

मुख्य गिऱ्हाईक गोव्यातलं एक रेस्टॉरंट. कप, बशा, सोलकढीसाठी छोट्या वाट्या, थोड्या फुलदाण्या आणि दिवे असा माल चोर्ला घाटाच्या रस्त्याने जायचा. आतली ग्लेझ म्हणजे स्टुडिओ कुंभारांत सगळीकडे फिरणारं ४-३-२-१ चं साधं प्रमाण: ४० भाग पोटॅश फेल्स्पार, ३० भाग क्वार्ट्झ (गारगोटीची पूड), २० भाग व्हायटिंग (खडूची पूड), १० भाग चायना क्ले (पांढरी माती). नऊ नंबरचा कोन (ठराविक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका) वाकेपर्यंत, म्हणजे साधारण १२६० ते १२८० अंशांपर्यंत भाजायचं. पारदर्शक, किंचित दुधी, शांत अशी ग्लेझ. बरेच महिने ती बिनतक्रार चालली.

अडचण

पावसाळ्याच्या तोंडाशी नेहमीच्या व्यापाऱ्याकडचा माल संपला. दुसऱ्या डीलरकडून पोती आली. बिलावर एवढंच: ‘फेल्स्पार पावडर, २०० मेश’. पांढरीशुभ्र, मऊ, आधीच्यापेक्षा स्वच्छ दिसणारी. वहिनींनी नेहमीच्या वजनाने ग्लेझ कालवली.

त्या भाजणीनंतर दोन गोष्टी झाल्या. काही कपांची ग्लेझ ओघळून खालच्या फळीला चिकटली. हे लगेच दिसलं, आणि थोरल्याने ग्राइंडर लावून फळ्या साफ केल्या. दुसरी गोष्ट कुणी मनावर घेतली नाही: भट्टी उघडल्यावर माल गार होत असताना टिंग, टिंग असा बारीक आवाज येत होता. धाकट्याला वाटलं, गरम मालाचा असेल. न चिकटलेला माल पॅक होऊन गोव्याला गेला.

थोड्या दिवसांत रेस्टॉरंटवाल्याने फोटो पाठवला. सोलकढीच्या वाटीत, आतल्या बाजूला, फिकट जांभळट रेघांची जाळी. कोकमाचा रंग ग्लेझमधल्या केसाएवढ्या तड्यांत उतरला होता आणि धुऊन जात नव्हता. कपांत तीच जाळी चहाने तपकिरी झाली होती.

असे तडे पडले की भांडं दिसायला वाईट होतं, ही त्यातली छोटी गोष्ट. अन्न तड्यात शिरून राहतं, भांडं नीट धुतलं जात नाही, आणि भांड्याची ताकदही कमी होते. जेवणाच्या भांड्याला हे चालत नाही.

पहिला निर्णय: भट्टीवर संशय

थोरल्याचा पहिला संशय तापमानावर गेला. ग्लेझ ओघळली म्हणजे भट्टी जास्त तापली, असा सरळ हिशेब. डीलरला फोन केला तर त्याचं उत्तर ठरलेलं: “स्पार तोच हाय सगळीकडं जातो तो. तुमची भट्टी बघा की.” मग पुढची भाजणी दोन कोन खाली, म्हणजे सात नंबरवरच थांबवली.

ओघळणं थांबलं. माल भट्टीतून निघाला तेव्हा तडेही बरेच कमी दिसले, घरात सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्यातला काही माल परत गोव्याला गेला. पुढे दोन-तीन आठवड्यांनी नेमके याच मालातले कप एकेक करून तडकायला लागले.

या निर्णयापाशी थोडं थांबायला हवं. पुरावा बघितला तर तो तितकासा चुकीचा वाटत नाही, कारण ओघळणं खरोखरच तापमान कमी केल्यावर थांबलं. पण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, स्पार आणि भाजणी, आणि आता कशामुळे काय झालं ते सांगता येईना. शिवाय तापमान कमी केल्याने एक नवी अडचण आत शिरली. कपाचं अंग, म्हणजे ग्लेझखालची माती, पूर्ण पिकलं नाही, म्हणजे भाजून घट्ट झालं नाही, आणि ते पाणी शोषू लागलं. अर्धवट पिकलेलं अंग ओलाव्याने हळूहळू, अगदी सूक्ष्म, पण फुगतं. त्यावरची ग्लेझ काचेसारखी, ती फुगत नाही. आधीच ताणलेली ग्लेझ मग काही आठवड्यांनी तडकते. पावसाळ्यातल्या गोव्यात तर हवाच ओली.

मी गेलो तेव्हा शेडमध्ये तीन मतं होती. थोरला म्हणत होता थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचं साधन) खराब आहे. धाकटा म्हणत होता मातीची नवी खेप वेगळी आहे. आप्पांचं म्हणणं होतं की पावसाळ्यात भट्टी लावायचीच नसते. वहिनी काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, “नवा स्पार पाण्यात घातला की बादलीत जरा वेगळाच बसायलाय. खाली लवकर बसून घट्ट होतोय.”

निदान

वेगवेगळी शक्य कारणं एकेक करून बाजूला काढायची असं ठरलं. भट्टीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर कोन ठेवले. तिन्ही पूर्वीसारखेच वाकले, म्हणजे थर्मोकपलवर आळ नको. ग्लेझचं एक लिटर वजन करून बघितलं, ते वहिनींच्या वहीतल्या जुन्या आकड्याशी जुळलं. म्हणजे थर जाड बसत नव्हता. मातीची जुनी खेप शिल्लक होती, तिच्या कपांवर नवी ग्लेझ लावली, तरी तडे गेलेच.

राहिला स्पार. आणि इथे नशीब कामाला आलं: कोपऱ्यात, कागदी पुठ्ठ्यांखाली, जुन्या व्यापाऱ्याचं अर्धं पोतं पडून होतं.

दोन्ही पावडरी थोड्या पाण्यात मळून बाटलीच्या बुचात दाबल्या आणि बिस्क केलेल्या, म्हणजे एकदा कच्च्या भाजलेल्या, फरशीच्या तुकड्यावर शेजारी शेजारी दोन वड्या काढल्या. चिकटू नये म्हणून फरशीला ॲल्युमिनाच्या पुडीचा हात दिला होता. नेहमीच्या भाजणीत, नेहमीच्या फळीवर ठेवल्या. भट्टी उघडली तेव्हा जुन्या स्पारची वडी जागेवर उभी होती. कडा गोल झालेल्या, रंग दुधी, आत बारीक बुडबुडे अडकलेले. नव्या स्पारची वडी वडी राहिलीच नव्हती. पसरून, चपटी होऊन, जवळजवळ पारदर्शक काचेचं टिकलीएवढं तळं झालं होतं, आणि ॲल्युमिना असूनही फरशीला धरून बसलं होतं.

थोरल्याने ती फरशी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केली. थर्मोकपलचा विषय त्यानंतर निघाला नाही.

खात्रीसाठी दोन्ही नमुने प्रयोगशाळेत दिले. जुन्यात पोटॅशियम ऑक्साइड अकरा टक्क्यांच्या आसपास आणि सोडियम ऑक्साइड तीनच्या जवळ. नव्यात उलटं: सोडा, म्हणजे सोडियम ऑक्साइड, नऊ टक्क्यांच्या पुढे, आणि पोटॅश, म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड, दोनच्या आत. बिल खोटं नव्हतं. माल फेल्स्पारच होता, फक्त सोडा फेल्स्पार होता.

खनिजाची बाजू

फेल्स्पार हा सिलिकेट खनिजांचा गट आहे, आणि पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून जास्त भाग याच गटाने व्यापलेला आहे. रचना सगळ्यांची एकच. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशी चौफलकं, प्रत्येकाचे चारही कोपरे शेजाऱ्याशी जोडलेले, असा चहूबाजूंनी बांधलेला सांगाडा. त्यात काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं. ॲल्युमिनियमचा भार एकने कमी, म्हणून तोल सांभाळायला पोकळीत पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम येऊन बसतं. पोटॅशियम आलं की ऑर्थोक्लेज किंवा मायक्रोक्लिन, सोडियम आलं की अल्बाइट, कॅल्शियम आलं की ॲनॉर्थाइट. अल्बाइट ते ॲनॉर्थाइट यांच्यामधली सगळी मिश्रणं म्हणजे प्लॅजिओक्लेज.

पोटॅश आणि सोडा यांचं जमणं तापमानावर अवलंबून असतं. खोल जमिनीत, गरम असताना ते एकाच स्फटिकात सुखाने राहतात. खडक सावकाश गार झाला की वेगळे होतात आणि पोटॅश फेल्स्पारच्या पोटात अल्बाइटच्या बारीक पट्ट्या तयार होतात. याला पर्थाइट म्हणतात. बाजारात ‘पोटॅश’ म्हणून मिळणाऱ्या स्पारमध्ये थोडा सोडा असतोच, त्याचं हे एक मोठं कारण. शुद्ध पोटॅश फेल्स्पारमध्ये हिशेबाने १६.९ टक्के पोटॅश हवं. पोत्यात दहा-बारा मिळालं तरी माल चांगला.

ढेकूळ हातात असेल तर थोडा अंदाज बांधता येतो. फेल्स्पारची कठिणता ६, गारगोटीची ७, म्हणून गारगोटी त्याच्यावर ओरखडा काढते. फोडला तर जवळजवळ काटकोनात दोन सपाट, चमकदार पृष्ठं निघतात. पोटॅशचा बऱ्याचदा गुलाबी किंवा मांसल रंग असतो, प्लॅजिओक्लेजच्या पृष्ठावर भिंगातून समांतर बारीक रेघा दिसतात. पण दळून २०० मेशची पावडर केली की ही सगळी ओळख पुसली जाते. पांढरी पावडर म्हणजे पांढरी पावडर.

आता भट्टीत काय होतं ते. अल्बाइट १११८ अंशांच्या सुमारास सरळ वितळतं आणि पातळ होतं. पोटॅश फेल्स्पार ११५० च्या आसपास वितळायला लागतं, पण अर्धंमुर्धंच: त्यातून ल्यूसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आणि एक दाट, चिकट रस तयार होतो. शुद्ध मालात ते स्फटिक १५०० अंशांच्या पलीकडेही टिकू शकतात. म्हणून पोटॅशची वडी १२६० ला उभी राहिली आणि सोड्याची वाहून गेली.

तड्यांचं गणित वेगळं आहे. काचेत मिसळणाऱ्या नेहमीच्या ऑक्साइडांमध्ये सोडा उष्णतेने सगळ्यांत जास्त प्रसरण पावतो, त्याखालोखाल पोटॅश, चुना त्याहून कमी आणि सिलिका फारच कमी. जे तापताना जास्त पसरतं ते गार होताना जास्त आकसतं. ग्लेझ कपाच्या अंगापेक्षा जास्त आकसली की ती अंगाला पुरत नाही, आणि मापाला कमी पडलेल्या सदऱ्याची शिवण उसवते तशी ती जागोजागी फाटते. भट्टीपाशी ऐकू आलेलं टिंग-टिंग ते हेच.

त्यात वजनाची एक मेख आहे, जी कालवताना लक्षात येत नाही. पोटॅश फेल्स्पारचा सूत्रभार सुमारे ५५७, सोडा फेल्स्पारचा सुमारे ५२४. म्हणजे तराजूवर तेच ४० भाग टाकले तरी सोड्याच्या बाबतीत वितळवणारे रेणू सहा टक्क्यांच्या आसपास जास्त पडतात. फरक लहान, पण ज्या दिशेला नको त्याच दिशेला.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. पोटॅश आणि सोडा यांच्या प्रसरणात फरक आहे, पण तो इतका प्रचंड नाही की पक्की बसलेली ग्लेझ एका पोत्याने कोसळावी. ही ग्लेझ या मातीवर आधीपासूनच काठावर उभी होती. नव्या स्पारने फक्त धक्का दिला. डीलरला शिव्या घालून प्रश्न सुटणार नव्हता, कारण पोटॅशच्या पुढच्या पोत्यात सोडा थोडा वाढला असता तरी हेच झालं असतं.

पर्याय

बैठक चहाच्या वेळी झाली, तीही तडकलेल्या कपांतूनच.

माल परत करून जुन्यासारखा पोटॅश स्पार मिळवावा, हा पहिला विचार. पण पोती फोडलेली होती, डीलर परत घ्यायला तयार नव्हता. आपल्याकडे बराचसा स्पार राजस्थानातून येतो, छोट्या गिऱ्हाइकाला तो मधल्या व्यापाऱ्यांवर अवलंबून राहूनच घ्यावा लागतो आणि गाडी कधी येईल ते सांगता येत नाही.

सोडा स्पार ठेवून ग्लेझच बदलावी, हा धाकट्याचा आग्रह. त्यात तथ्य होतं. सोडा लवकर वितळतो, म्हणजे कमी तापमानावर चकचकीत ग्लेझ मिळते आणि गॅस वाचतो. पण प्रसरण आवरायला सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, वाढवावी लागते, सिलिका वाढली की ती विरघळवायला परत उष्णता लागते, आणि खालचं अंगही त्या कमी तापमानाला पिकायला हवं. म्हणजे ग्लेझ आणि माती, दोन्ही नव्याने जमवायची. ऑर्डरच्या घाईत हे होणारं नव्हतं.

थोरल्याने वेगळीच वाट काढली: तडे आहेत तर तडे दाखवूनच विकू. शाई चोळायची आणि ‘क्रॅकल’ म्हणून खपवायचं. चीनमध्ये सोंग राजवंशाच्या काळापासून मुद्दाम तडे पाडलेली भांडी होतात, हे त्याने मोबाइलवर वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला: “फुलदाणीला खपवा, वाटीला नको.”

आप्पांचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. “आमच्या भोवती दगडच दगड, आणि दगडाची पूड राजस्थानातून कशाला आणायलाय?” याचं उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. त्यात फेल्स्पार भरपूर आहे, पण तो कॅल्शियमकडे झुकलेला प्लॅजिओक्लेज, दाणे डोळ्याला न दिसणारे, आणि त्याच्याशी पायरॉक्सीन नावाचं लोहयुक्त खनिज घट्ट गुंतलेलं. वेगळा काढता येत नाही. दळून ग्लेझमध्ये घातला तर लोखंडामुळे रंग काळा-तपकिरीच येणार. पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, दुसरी गंमत. तिथल्या पावसाने फेल्स्पार कधीच खाऊन टाकलेला आहे. पाणी आधी पोटॅश, सोडा, चुना वाहून नेतं आणि मागे माती राहते. आपण ज्याला चायना क्ले म्हणतो ते केओलिनही फेल्स्पार असाच कुजून झालेलं. पाऊस आणखी जास्त आणि काळ आणखी मोठा असेल तर सिलिकाही जाते, उरतो तो जांभा आणि काही ठिकाणी बॉक्साइट. आप्पांच्या चाकावरची लाल माती आणि पोत्यातला पांढरा स्पार यांचं नातं असं जवळचं आहे. पण एकाचं काम दुसरा करू शकत नाही.

आप्पा म्हणाले, “मग काळी-तपकिरी ग्लेझ काय वाईट असत्या?” हा मुद्दा तेव्हा बाजूला राहिला, पुढे उपयोगी पडला.

काय केलं

पहिलं काम सांगण्याचं होतं. रेस्टॉरंटवाल्याला दोन्ही खेपांतला माल परत घेतो असं कळवलं. थोरल्याची तयारी नव्हती. फक्त तक्रार आलेल्या वाट्या बदलू, बाकी कशाला उकरायचं, असं त्याचं म्हणणं. पण सात नंबरवर भाजलेला माल आज चांगला दिसत असला तरी पुढे तडकणार हे कळल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. गिऱ्हाइकाने चतुर्थीनंतरची मुदत दिली. गोव्यातला पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरनंतर भरात येतो, त्याच्या आत माल पोचला तर त्याला चालणार होतं.

दुसरं, पोटॅश स्पार मागवला. यावेळी विश्लेषणाचा कागद आधी मागितला, आणि एक किलोचा नमुना आणून त्याची वडी भाजली. वडी उभी राहिली तेव्हाच पोती उतरवली.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: पोटॅश मिळाल्यावर जुन्या प्रमाणावर न थांबता ग्लेझला काठावरून आत आणलं. वहिनींनी पाच डबे मांडले. प्रत्येकात क्वार्ट्झ थोडं थोडं वाढवत नेलं, बाकी तेच. पाचही डब्यांतल्या कपांना एकच कसोटी: रात्रभर फ्रीजरमध्ये, सकाळी सरळ उकळत्या पाण्यात, मग पुसून शाई चोळायची. जुन्या प्रमाणाचा कप पहिल्या फेरीत टिकला पण फेऱ्या वाढल्यावर त्यावर एक-दोन लांब रेघा उमटल्याच. पोटॅश असूनही! त्यानंतरचे दोन डबे स्वच्छ निघाले. शेवटच्या डब्यातलं क्वार्ट्झ पूर्ण विरघळलं नव्हतं, कपाच्या आतल्या बाजूला बोटाला कोरडी, खडूसारखी खरखर लागत होती. चमक आणि पक्केपणा यांत वहिनींनी दुसरा डबा निवडला. मी तिसरा घेतला असता. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक चमक बघूनच कप उचलतं, आणि कप विकायचे त्यांना होते.

अंग नीट पिकतं की नाही हे बघायला ग्लेझ न लावलेल्या तुकड्यांचं कोरडं वजन, मग काही तास पाण्यात उकळून परत वजन, अशी साधी तपासणी सुरू केली. सात नंबरचे तुकडे पाणी पीत होते, नऊ नंबरचे जवळजवळ नाही. थोरल्याला ही तपासणी पटली, कारण तराजू त्याचाच.

एक गोष्ट प्रकरणाच्या बाहेरची, पण सांगायला हवी. त्या शेडमध्ये स्पार आणि क्वार्ट्झची पोती कोरडीच उलटली जात होती, तोंडाला फार तर ओढणी. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि फेल्स्पारच्या पावडरीतही बऱ्याचदा क्वार्ट्झ असतं. बेळगावच्या फौंड्रीवाल्यांना हा धोका नवा नाही. आता तिथे आधी बादलीत पाणी आणि मग त्यात पावडर, अशी उलटी पद्धत आहे. धुळीचा चांगला मास्क आणला आहे. झाडू बंद, ओलं फडकं.

निष्पत्ती

चतुर्थीनंतर गेलेल्या मालाची तड्यांची तक्रार आलेली नाही. रेस्टॉरंटवाल्याला नवी ग्लेझ जुनीइतकी लख्ख वाटत नाही, हे त्याने बोलून दाखवलं, पण ऑर्डर चालू ठेवली. परत घेतलेल्या मालातल्या फुलदाण्या आणि दिवे शाई चोळून क्रॅकल म्हणून विकले, वाट्या आणि कप फोडून टाकले. खर्च वाढला: विश्लेषण असलेला स्पार महाग पडतो आणि चाचणीच्या भाजण्यांचा गॅस कुणी देत नाही. डीलरने पैसे परत केले नाहीत. त्याच्याशी भांडण करायला कागदावर आधार नव्हता, कारण मागणी करताना फोनवर ‘फेल्स्पार पाठवा’ एवढंच सांगितलेलं होतं.

सोडा स्पारच्या उरलेल्या पोत्यांचं काय, हा प्रश्न आप्पांच्या काळ्या-तपकिरी ग्लेझने थोडा सोडवला. क्रशरवरची बेसॉल्टची बारीक पूड चाळून, त्यात सोडा स्पार आणि थोडी माती घालून केलेली ग्लेझ नऊ नंबरला गूळकाकवीच्या रंगाची, काठावर तांबूस उतरणारी निघाली. ती फक्त बाहेरून लावतात. आतून पोटॅशवाली.

काय वेगळं करता आलं असतं

निर्णयांचे टप्पे मागे वळून बघितले तर सगळ्यांत स्वस्तातली संधी पोती उतरवतानाच होती. बाटलीचं बूच, चिमूटभर पावडर आणि जी भट्टी नाहीतरी लागणारच होती तिच्यातली बोटभर जागा. आता प्रत्येक पोत्याचा नमुना तारीख लिहून बरणीत ठेवला जातो. जुनं अर्धं पोतं योगायोगाने उरलं नसतं तर तुलना कशाशी करायची, हा प्रश्नच होता.

दुसरी जागा म्हणजे ओघळ दिसल्यावर तापमान कमी करण्याची घाई. त्या आठवड्यात काहीच न बदलता एक छोटी भाजणी करून जुन्या-नव्या मालाची तुलना केली असती तर दुसरी खेप गोव्याला गेलीच नसती. थोरला हे मान्य करतो, पण पूर्ण नाही. ऑर्डर डोक्यावर असताना थांबणं सांगायला सोपं असतं, असं तो म्हणतो. कर्जाचा हप्ता त्याच्या नावावर आहे, माझ्या नाही, त्यामुळे यावर मी त्याच्याशी वाद घातला नाही.

वहिनींचं निरीक्षण सुरुवातीलाच ऐकायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. सोडा फेल्स्पारची पूड पाण्यात थोडी विरघळते, सोडा पाण्यात उतरतो आणि त्याने ग्लेझचं बसणं-घट्ट होणं बदलू शकतं. दळण्याच्या फरकानेही ते होतं, म्हणून एवढ्यावरून निदान करता आलं नसतं. पण कोणतं पोतं आधी तपासायचं ते कळलं असतं. बादलीत रोज हात घालणारी व्यक्ती त्या शेडमध्ये एकच होती आणि तिला शेवटी विचारलं गेलं.

वहिनी स्वतः दुसरंच काही सांगतात. त्यांच्या मते खरी चूक साठ्याची: पावसाळ्याच्या तोंडावर स्पार संपूच द्यायला नको होता. आता दोन महिन्यांचा साठा मेच्या शेवटी भरतात.

धाकट्याने सोडा स्पारचा नाद सोडलेला नाही. ग्लेझऐवजी तो मातीतच घालून अंग कमी तापमानाला पिकवायचं, गॅस वाचवायचा, असा त्याचा प्रयत्न चालू आहे. पहिल्या बशा १२६० ला भाजल्या तर कडा वाकल्या. पुढच्या १२२० ला लावायच्या आहेत, आणि त्या तापमानाला आतली ग्लेझ परत पहिल्यापासून जमवावी लागणार आहे. पाच डब्यांची रांग वहिनींनी आधीच मांडून ठेवली आहे.